गै म्हणजे गया

विभूते गुरुजी हजेरी घ्यायला लागले की माझं डोकं तापायचं. शिरूर कासार तालुक्यातल्या एका वाडीवरची आमची शाळा. पाचवीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या आणि दोन शिक्षक, एक गुरुजी आणि एक मी. पाच मिनिटांचं काम हा माणूस अर्धा तास करायचा. नाव पुकारायचं, पोरगं 'हजर' म्हणालं की त्याची चौकशी. "काय खाल्लं सकाळी? कानाला काय झालं? शेळी व्याली का तुमची?" मग शाईच्या पेनाचं टोपण काढायचं, नावापुढं उभी रेघ मारायची, टोपण परत लावायचं. पुढचं नाव, पुन्हा टोपण. मी पलीकडच्या खोलीतून ओरडायची, "गुरुजी, उद्याची हजेरीबी आजच घेताय का?" तिकडून शांतपणे उत्तर यायचं, "बाई, हजेरी उरकायची नसती. घ्यायची असती."

मी माजलगावकडची. कालव्याच्या पाण्यावर वाढलेली आणि तोंडानं फटकळ. या कोरड्या डोंगरात बदली झाली तेव्हा महिनाभर रडले, आणि रडून झाल्यावर समोर दिसेल त्याच्यावर खेकसायला लागले. समोर कायम गुरुजीच असायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा शर्ट, वरच्या खिशात पेन आणि खालच्या खिशात शेंगदाणे अन् गुळाचे खडे. कुठलं पोरगं रडलं की एक खडा आणि चार दाणे. मी चिडले की मलाही तेच. "घ्या बाई, तोंड गोड करा, मग भांडा." आता अशा माणसाशी काय कपाळ भांडणार?

ते मूळचे परळीचे. घरचं किराणा दुकान, ते भावाकडं. "आमच्या परळीत राख दोन परकारची," म्हणायचे, "एक देवाची, ती कपाळाला. एक थर्मलची, ती फुप्फुसाला." आणि स्वतःच हसायचे, हसता हसता खोकायचे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

या माणसाचा खरा देव मात्र कागद होता. वाडीवरचं कुणाचंही काम अडलं की गुरुजी पेनाचं टोपण काढून बसलेच. निराधार योजनेचा अर्ज, रेशनकार्डावरचं नाव, मेलेल्या माणसाचा दाखला. "कागदावर हाय ना? मग हाय. कागदावर न्हाई तर माणूस समोर उभा असला तरी न्हाई." हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडायचं. मी म्हणायची, "गुरुजी, जेवलात का? का तेबी कागदावर लिहून झाल्यावर?"

पण त्यांचं खरं होतं. आमच्याकडची निम्मी पोरं उसाच्या फडात जन्मलेली. आईबाप दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जायचे ते गुढीपाडव्याच्या आसपास परतायचे. मधे कुठं, कुठल्या तारखेला लेकरू झालं, कुणाला ठाऊक असतं? अशा पोरांना शाळेत घालताना सगळीकडं एक जून ही तारीख ठोकून देतात. गुरुजी तसं करत नसत. त्यांच्या भावाच्या दुकानातली जुनी कॅलेंडरं त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेली, ती कपाटातून काढायची आणि पोराच्या आईला समोर बसवायची.

गयाची आई मंदा तिला पहिलीत घालायला आली तो दिवस मला आठवतो.

"कारखाना बंद झालता का चालू होता?" गुरुजींनी विचारलं.

"बंद झालता. आमी माघारी निघालतो. सिंदफणेच्या पुलापाशी टरक थांबला तवा कळा सुरू झाल्या."

"पाडवा?"

"व्हायचा होता. पाडव्याला मला गुढीला शिवू दिलं न्हाई, तिसऱ्या दिसाची बाळंतीन व्हते."

गुरुजींनी त्या सालचं कॅलेंडर उलगडलं, पाडव्यावर बोट ठेवलं, मागं मोजलं, आणि दाखल-खारीज रजिस्टरात गयाची जन्मतारीख लिहिली. मग मंदाला म्हणाले, "तुझ्या लेकीचा वाढदिवस येतो बरं का गं. विसरू नको." मंदा तोंडाला पदर लावून हसली. वाढदिवस ही गोष्ट तिच्या घरात पहिल्यांदाच येत होती.

आणि ही गया म्हणजे एक नंबरची भोचक. वर्गात बसायचं सोडून गुरुजींच्या टेबलापाशी टाचा उंच करून उभी. नुकती अक्षरं जोडायला लागलेली, त्यामुळे दिसेल ते वाचायची, बिस्किटाचा पुडा असो नाहीतर खडूचं खोकं. एक दिवस तिनं हजेरीपट वाचला. आमच्याकडं हजर पोराला रेघ, गैरहजराला 'गै'. कुणीतरी तापानं पडलेलं, त्याच्या नावापुढं चार दिवस 'गै' होतं.

"गुरुजी, माझं नाव दुसऱ्याच्या म्होरं कावून लिव्हलंय?"

"कुठं गं?"

तिनं बोट ठेवलं. "ह्ये की. गै. म्हंजी गया."

गुरुजी इतके हसले की मी खोकल्याच्या आवाजानं धावत आले. "अगं बये, त्ये गैरहजर हाय. जो शाळेत न्हाई त्याला लिव्हायचं असतं."

पोरीनं जरा विचार केला. "मग माझ्या म्होरं लिवू नगा. मी हाय."

"न्हाई लिवनार," गुरुजी म्हणाले. "शब्द दिला."

हा किस्सा त्यांनी केंद्रप्रमुखांना सांगितला, एस.टी.च्या कंडक्टरला सांगितला, परळीला भावाला फोन करून सांगितला. मला तर इतक्यांदा सांगितला की मी कानावर हात ठेवायची.

आता त्या रेघांचं सांगते. सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडकलं.

दिवाळी झाली की आमचा निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. गुरुजी तरी सगळी नावं पुकारायचे. "अर्चना?" बाकीची पोरं एका सुरात ओरडायची, "उसाला!" "दत्ता?" "उसाला!" आणि गुरुजी टोपण काढून त्यांच्याही नावापुढं रेघ मारायचे. मी पहिल्या वर्षी पाहिलं तेव्हा उडालेच.

"गुरुजी, ती पोरगी तिकडं फडात आहे ना?"

"येनार हाय की पाडव्याला."

"मग पाडव्याला मारा रेघ."

"तवर नाव ऱ्हाईल का पटावर?"

मग त्यांनी मला कौशल्याची गोष्ट सांगितली. त्यांच्या आधीच्या शाळेतली चौथीची पोरगी, हुशार. ते तेव्हा नवीन, नियमाला पक्के. आईबापाबरोबर ती उसाला गेली, गुरुजींनी प्रामाणिकपणे रोज 'गै' लिहिलं, वरून विचारणा झाली आणि तिचं नाव कमी झालं. परत आली तेव्हा पटावर नाव नाही म्हणून बाप म्हणाला, बरं झालं, घरी राहू दे. पाच-सहा वर्षांनी ती त्यांना गेवराईच्या स्टँडवर दिसली. काखेत एक लेकरू, हाताशी एक. "तिनं मला वळखलं बाई, पदर घेऊन पाया पडली. म्हनली, गुरुजी, माझं नाव कावून काटलं?" हे सांगताना गुरुजी माझ्याकडं बघत नव्हते, बाहेर मैदानाकडं बघत होते.

तेव्हापासून त्यांनी एकाही उसाला गेलेल्या पोराचं नाव गळू दिलं नाही. ते खोटं आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. त्यांच्या लेखी रेघ म्हणजे दाव्याची गाठ, पोरगं कुठंही गेलं तरी शाळेला बांधलेलं. आणि मी काय मोठी हरिश्चंद्राची लेक होते? शाळेतल्या खिचडीची वही माझ्याकडं. पटावर जितकी हजर तितकी ताटं, तो आकडा जुळायला हवा म्हणून मीही रोज तोच आकडा लिहायची. जास्तीचा तांदूळ गुरुजी मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी पोचवायचे. एक दाणा त्यांनी घरी नेला नाही. पण वहीत अक्षर माझं होतं, हे मी विसरलेले नाही.

गया दुसरीत गेली त्या दिवाळीनंतरची गोष्ट. दरवर्षी ट्रक निघायच्या दिवशी गुरुजी गळ्यात शिट्टी अडकवून ट्रकच्या तोंडाशी उभे राहायचे. मागं आजी-आजोबांकडं राहणाऱ्या पोरांची हंगामात शाळेतच दोन वेळच्या जेवणाची सोय व्हायची, म्हणून जितकी उतरवता येतील तितकी पोरं ते उतरवून घ्यायचे. शिट्टी फुंकायची आणि नावानं हाक मारायची. त्या वर्षी सात पोरं उतरली. गया उतरली नाही. भांड्याकुंड्यांच्या बोचक्यावर धाकट्या भावाला मांडीत घेऊन बसली होती.

"मंदे, पोरीला उतरव. आजी हाय ना घरी."

"गुरुजी, बारक्याला कोन बघंल?" मंदा वरूनच म्हणाली. "मी कोयता धरू का लेकरू धरू?"

गयाचा बाप भगवान खाली उतरून हात जोडायला लागला. "आठ दिस गुरुजी. ऱ्हायची कोपी बांधून झाली, बारकं रुळलं, की सवता आणून सोडतो. आईची आन."

मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमानं हॉर्न दाबला. "सरका ना बे मास्तर, मुहूर्त चाललाय!"

मी मुकादमाच्या अंगावर धावून गेले असते, पण गुरुजी बाजूला झाले. वर बघून म्हणाले, "गया, आठ दिस मी रेघा मारतो. नवव्या दिशी तू ये."

"येते," ती म्हणाली.

ती आली पाडव्याला, बापाच्या खांद्यावर बसून. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

झालं होतं ते असं. फडाच्या कडेला उसाचा पाला पडलेला, त्याला पाचट म्हणतात. त्या पाचटाच्या ढिगावर ती दुपारची झोपली होती. भाऊ झोळीत होता, त्याला काही झालं नाही. रिकामी ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर मागं येत होता, ड्रायव्हरनं मागं पाहिलं नाही. मुकादमानंच आपल्या जीपमधून दवाखान्यात नेलं. फुकट ऑपरेशनला सरकारी योजनेचं कार्ड लागतं, आणि यांचं कार्ड इथं वाडीवर पेटीत. मुकादमाच्या पुतणीचं कार्ड होतं, तीही सात-आठ वर्षांचीच. त्या कार्डावर, त्या पुतणीच्या नावानं, गयाचा पाय कापला गेला. कसं झालं या रकान्यात मुकादमानं सांगितलं, बैलगाडीवरून पडली. मंदानं अंगठा दिला. पोरीचा जीव वाचत होता, ती दुसरं काय करणार होती?

शाळेच्या ओट्यावर भगवाननं तिला बसवलं. खिशात हात घालून गुरुजींनी गुळाचा खडा काढला, तो हातातून पडला. गयाच बोलली.

"गुरुजी, माझं नाव हाय का?"

"हाय की."

"गै न्हाई ना लिव्हलं?"

गुरुजींनी हजेरीपट आणून तिच्या मांडीवर उघडला. सगळ्या महिन्यांतून तिच्या नावापुढं उभ्या रेघा, एकही सुटलेली नाही. पोरीनं बोट ठेवून कितीतरी रेघा मोजल्या आणि समाधानानं आईकडं पाहिलं. आम्ही दोघंही शिकलेली माणसं तिथं उभी होतो. आमच्या कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

त्या उन्हाळ्यात तालुक्याला कायद्याचं शिबिर झालं. गुरुजी तिथून कागद घेऊन आले तेच मुळी पळत. "बाई, ट्रॅक्टरचा इमा असतो. पोराला लागलं, पाय गेला, तर भरपाई द्यावी लागती. पोरगं काम करत नव्हतं, कमवत नव्हतं, तरी द्यावी लागती. भीक न्हाई बाई, हक्क हाय. लिव्हलंय ह्यात."

मला वाटलं, मिळालं तर चांगलंच. एका संस्थेच्या शिबिरात गयाला जयपूर फूट मिळाला होता, पण पोरगी वाढते, पाय वाढत नाही. दर वर्ष-दोन वर्षांनी नवा बसवायला हवा. तो कोण देणार? हा प्रश्न होता आणि शेवटपर्यंत हाच प्रश्न राहिला.

इकडं मुकादम भगवानच्या घरी येऊन बसला. हातात एक लिहिलेला कागद आणि नोटांचं छोटं पुडकं. 'आमची काही तक्रार नाही' असा तो कागद. "अंगठा दे, इषय मिटव. पुढल्या साली उचल वाढवून देतो." उचल म्हणजे हंगामाआधी मिळणारा आगाऊ पैसा, त्याच्यावर यांचं वर्ष चालतं. भगवाननं अंगठ्याला शाई लावलीसुद्धा होती. गुरुजी तिथं पोचले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"लेकीच्या पायाचा सौदा हाय का ह्यो? कोर्ट देईल तुला. कायदा हाय."

भगवाननं गुरुजींच्या तोंडाकडं पाहिलं, अंगठा धोतराला पुसला, आणि मुकादम उठून गेला. आज वाटतं, त्या दिवशी गुरुजींचा खोकला वाढला असता आणि ते घरीच राहिले असते तर बरं झालं असतं. असं वाटतं आणि लगेच माझी मलाच लाज वाटते.

पुढं सगळं रीतसर झालं. इथलं पोलीस ठाणं म्हणालं, जिथं घडलं तिथं जा. गुरुजी रजा टाकून भगवानला घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात दोनदा गेले, मग कुठं तक्रार लिहून घेतली. बीडच्या एका तरुण वकिलांनी दावा घातला. जन्माचा पुरावा म्हणून गुरुजींनी दिलेला दाखला लागला. "बघा बाई," ते मला म्हणाले, "एक जून लावली असती तर कोर्टात हसू झालं असतं. कागद पक्का पायजे." त्या दिवशी ते खुशीत होते.

मग एका दुपारी माहितीच्या अधिकारातला अर्ज शाळेत आला. विमा कंपनीच्या बाजूनं कुणीतरी केलेला. अमुक महिन्याच्या दुसरीच्या हजेरीपटाची साक्षांकित प्रत मिळावी.

गुरुजींनी प्रत काढायला म्हणून रजिस्टर उघडलं. थोड्या वेळानं मी काही विचारायला गेले तर ते तसेच बसलेले, पेनाचं टोपण हातात, पेन उघडं.

"बाई," ते म्हणाले, "ज्या दिशी पाय गेला त्या दिशीबी रेघ हाय."

मी खाली बसले. दवाखान्याच्या कागदावर पाय गेलेली पोरगी मुकादमाची पुतणी. आणि आमच्या कागदावर गया त्या दिवशी शाळेत हजर, खिचडी जेवलेली. खाली गुरुजींची सही, महिनाअखेरीला केंद्रप्रमुखांची सही. तिकडच्या फडातलं कुणी साक्ष देणार नव्हतं, सगळी टोळी मुकादमाची उचल घेतलेली.

मला जे सुचलं ते मी बोलले. "वाळवी लागली म्हणा. पावसात भिजलं म्हणा. द्या इकडं, मीच चुलीत घालते." माझ्या आवाजात गयाची काळजी होती, पण खरं सांगते, निम्मी भीती माझ्या खिचडीच्या वहीची होती.

गुरुजींनी रजिस्टर छातीशी धरलं. "एक खोटं केलं म्हणून ह्ये झालं बाई. दुसरं केलं तर त्या पोरीचं खरं कोन ऐकंल?"

त्यांनी स्वतःच्या हातानं प्रतीवर शिक्का मारला, सही केली आणि पाठवून दिली.

आमचे वकील म्हणाले, "गुरुजी, तुम्ही साक्षीला उभं राहून रेघ खोटी आहे म्हणालात तर नोकरी जाईल. आणि म्हणालात तरी दावा टिकेलच असं नाही." गुरुजींच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. परळीहून भाऊ येऊन हातापाया पडून गेला. साक्षीच्या दिवशी गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून, विभूती लावून बीडच्या कोर्टात उभे राहिले. मी मागच्या बाकावर होते, गयाला शेजारी घेऊन.

कंपनीचे वकील आवाज न चढवता विचारत होते, त्यामुळे जास्तच राग येत होता.

"ही सही आपली?"

"माझीच."

"त्या दिवशी मुलगी शाळेत हजर, असं आपण लिहिलंय."

"लिव्हलंय. खोटं लिव्हलंय. ती तिथं न्हवती."

"असं किती वर्षं खोटं लिहीत आलात?"

"लई वर्षं."

"खिचडीच्या वहीतही तोच आकडा आहे. ती वही बाईंकडं असते ना?"

माझ्या हातातला गयाचा हात मी घट्ट धरला. गुरुजींनी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

"आकडा मी सांगायचो, त्या लिव्हायच्या. त्यांना काय म्हाईत न्हवतं."

कोर्टात शपथेवर त्या माणसानं बोललेलं खोटं तेवढं एकच, आणि ते माझ्यासाठी.

"म्हणजे सरकारी कागदावर आपण वर्षानुवर्षं खोटं लिहिलं. मग आज आपण खरं बोलताय यावर कोर्टानं का विश्वास ठेवावा?"

गुरुजींनी न्यायाधीशांकडं पाहिलं. मग म्हणाले, "आज मला काय मिळायचं न्हाई, म्हणून."

"भरपाईत आपला वाटा किती ठरलाय, गुरुजी?"

आमचे वकील ताडकन उठले, न्यायाधीशसाहेबांनी तो प्रश्न काढून टाकायला लावला. पण तो विचारून झाला होता. गुरुजींचा हात खिशाकडं गेला, पेनाला लागला, तिथंच राहिला. गयानं मला हळूच विचारलं, "बाई, गुरुजींना शिक्षा झाली का?"

निकाल लागायला आणखी वर्ष गेलं. मुलीला अपंगत्व आल्याचं दिसतं, पण ते या ट्रॅक्टरनं आल्याचं सिद्ध होत नाही, दावा नामंजूर. न्यायाधीश वाईट माणूस नव्हता, वाचताना त्याचा आवाजही पडला होता. कुणावर संतापावं हेच कळेना. खंडपीठात अपील करता येईल, वकील म्हणाले. कधी लागेल ते सांगता येत नाही म्हणाले.

बाहेर झाडाखाली गुरुजी भगवानसमोर उभे राहिले. मला वाटलं, हा आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या, निदान गुरुजींना बरं वाटलं असतं. तर तो म्हणाला, "असू द्या गुरुजी. तुमी चांगल्यासाठीच केलतं." गुरुजी खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. गया कुबडीवर उभी होती. तिचा जयपूर फूट केव्हाच आखूड झाला होता, पिशवीत गुंडाळून घरी ठेवलेला. तिनं गुरुजींच्या खालच्या खिशात हात घातला, गुळाचा खडा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

साक्षीची प्रत वरच्या कार्यालयात गेली होतीच. चौकशी सुरू झाली. माझ्याकडंही विचारणा झाली. मी सांगितलं, मला काही माहीत नव्हतं. गुरुजींनी कोर्टात दिलेलं वाक्य मी पुन्हा लिहून दिलं आणि सही केली. घरी येऊन जेवले नाही, एवढंच.

त्या दिवाळीनंतर गया पाचवीत होती. तिची आजी उन्हाळ्यात वारली होती, आणि शाळेतल्या जेवणाची मंजुरी त्या साली आलीच नव्हती. मुकादमाशी बिनसल्यामुळे भगवाननं दुसऱ्या मुकादमाची, कमी उचल घेतली होती. ट्रक उभा राहिला. गुरुजी गेले, गळ्यात शिट्टी होती, पण त्यांनी ती फुंकली नाही. भगवाननं गयाला उचलून वर बसवलं.

"गुरुजी, मागं कुणाजवळ ठिवू?" तो म्हणाला. "तुमीच सांगा आता."

गयाची कुबडी खाली राहिली होती. ती गुरुजींनी उचलली, तिची धूळ शर्टाला पुसली आणि वर तिच्या हातात दिली. "पाचटावर निजू नको," एवढंच म्हणाले.

त्यानंतर दोन दिवसांनी निलंबनाचा आदेश आला. सकाळीच पोचला होता, पण गुरुजी म्हणाले, आजची हजेरी घेतो आणि चार्ज देतो. त्यांना मी कोण अडवणार? मी माझ्या खोलीत न जाता दारात उभी राहिले. नाव पुकारायचे, चौकशी करायचे, टोपण काढायचे, लावायचे. त्या दिवशी मी काही ओरडले नाही.

"गया?"

"उसाला!" पोरं ओरडली.

गुरुजींनी टोपण काढलं. इथं ते जरा थांबले, खोकले. काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

हजेरी झाल्यावर त्यांनी किल्ल्या, शिक्का, जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी आणि रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. खिसा उलटा करून दाणे पोरांना वाटले. "येतो बाई," म्हणाले. मला माफी मागायची होती, आणि तोंडातून निघालं काय, "मफलर घ्या, वारं आहे." ते मफलर गुंडाळत मैदानातून फाट्याकडं चालत गेले. पांढरा शर्ट तेवढा लांबून दिसत होता. एस.टी. आली, माणसं चढली, धूळ उडाली.

मग मी रजिस्टर उघडलं. उसाला गेलेल्या बाकी सगळ्या पोरांपुढं नेहमीसारख्या रेघा होत्या. फक्त गयाच्या नावापुढं, पहिलीपासून पहिल्यांदाच, त्यांनी 'गै' लिहिलं होतं. नवशिक्या पोराला पाटीवर काढून देतात ना, तसं मोठं, सुबक आणि सावकाश.